तू पाहिलंस, मी छापलं

ताई, तुझ्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, एका बाईंनी माइक हातात घेऊन सांगितलं की समुद्रानं आपली लेक परत बोलावून घेतली. मी उठणार होते. आईनं माझा गुडघा दाबून धरला म्हणून बसले. समुद्रानं कुणाला बोलावलेलं नाही. तू इथे बडोद्यात, कारेलीबागेतल्या इस्पितळात गेलीस, डेंग्यूनं. आपल्या गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं. ते बसवा म्हणून मी सोसायटीत दोनदा पत्रक वाटलं होतं आणि दोन्ही वेळा तू हसली होतीस. "ए पत्रकवाली, डासांना वाचता येत असतं तर काम झालं असतं ने!"

हो, हे मी थोडं खिजवायलाच सांगतेय. आता उलट बोलायला तू नाहीस आणि तेही मला सहन होत नाही.

महिना झाला. लोक विचारतात, सावरलीस का? रडू येतं ते येतं, त्याचं काही नाही. पण त्याहून जास्त वेळ मी जळत असते. तुझ्यावर. मेलेल्या बहिणीवर जळणारी मुलगी कुणाला आवडणार? मलाही आवडत नाही. पण मी खोटं छापत नाही असं मी जगाला सांगत फिरते, तर इथे तरी खरं लिहू दे.

समुद्र आधी माझा होता. कॉलेजात असल्यापासून मी किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर, सांडपाण्यावर, तोडलेल्या प्रवाळांवर पत्रकं लिहीत होते. बडोद्यात समुद्र नाही, तर तुला काय पडलंय, असं सगळे विचारायचे. तूही विचारायचीस, तुझ्या दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवरचा दिवा पुसत. तरी माझी पत्रकं तुझ्याच प्रिंटरवर निघायची आणि तुझ्याच दवाखान्यात, दाढ धरून बसलेल्या माणसांच्या हातात पडायची, हे मी विसरलेले नाही. एक काका दाढ काढायच्या आधी सही करून गेले होते, कशावर तेही न वाचता. तू म्हणालीस, "दुखत असलं की माणूस कशालाही पाठिंबा देतो."

मग तू बत्तिसाव्या वर्षी सुट्टी घेऊन स्कूबा शिकायला गेलीस. मी जाऊ शकत नव्हते. लहानपणी आपण दोघी एकाच तलावात पोहायला शिकलो, एकाच आठवड्यात दोघींना सर्दी झाली, तुझी बरी झाली, माझा कान फुटला. पडद्याला भोक ते कायमचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोकं पाण्याखाली घालायचं नाही. तुझा यात काय दोष? काहीच नाही. म्हणून तर राग काढायला जागा मिळाली नाही.

तू आलीस ती खाली पन्नास मिनिटं राहून आलीस. मी सहा वर्षं ज्याच्याबद्दल लिहिलं ते तू पन्नास मिनिटांत पाहिलंस. आणि मला सांगितलंस काय? "अगं, तिथे खूप शांत असतं."

एवढंच! शांत!

पुढे तुझं ते वेड वाढलं आणि तुझ्याबरोबर केयूरभाई आले. घडियाळी पोळात बटणं आणि लेस विकणारा, पोट सुटलेला माणूस. त्याला पाण्याखाली काय काम? पण पाण्यात एकट्यानं उतरायचं नसतं, जोडीदार लागतो, ज्याला तुम्ही बडी म्हणता. तुझ्या टाकीतली हवा संपली तर तो त्याच्या टाकीची दुसरी नळी तुझ्या तोंडात देणार. मला हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. सख्खी बहीण असताना तुझा श्वास एका लेसवाल्याच्या टाकीत राखून ठेवलेला!

मी एकदाच तुमच्याबरोबर होडीत आले. द्वारकेच्याही पुढे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण रंगीत जीव पकडून विकणारे लोक नाव वाचून पोचतात, हे तूच शिकवलंस. तुम्ही दोघं होडीच्या काठावर पाठमोरी बसलात आणि उलटी कोलांटी मारून गेलात. मी टॉवेल धरून बसले. पाण्यावर बुडबुडे येत होते, दोन ठिकाणी, जवळजवळ. मी ते बघत बसले. कुठले तुझे आणि कुठले त्याचे, हेसुद्धा कळत नव्हतं.

वर आल्यावर तू मास्क काढायच्या आधीच कपाळापाशी दोन बोटं शिंगांसारखी उभी केलीस. केयूरभाईंनी तीन बोटं दाखवली. तू मान हलवून चार दाखवलीस. मग दोघंही हसलात, ओठांवर त्या रबरी तोंडपट्टीचे वळ घेऊन. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "सांगते, सांगते." टॉवेल घेतलास आणि विसरलीस.

ती दोन शिंगं म्हणजे तुझ्या त्या गोगलगाई. शंख टाकून दिलेल्या, नखाएवढ्या, कुणी फिरकत नाही अशा जागी राहणाऱ्या. लोक देवमासे आणि कासवं बघायला जातात. तू बत्तीस दात मोजणारी बाई, तुला बारीकच दिसायचं. रविवारी दुपारी आपल्या जेवणाच्या टेबलावर तू फोटो मोठे करून मला दाखवायचीस. पाठीवर फुलासारखं उमललेलं दिसतं ते फूल नव्हे, तो तिचा कल्ला आहे, त्यानं ती श्वास घेते. शिंगांनी ती वास घेते. डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणजे एवढे रंग अंगावर घेऊन फिरते आणि तिला ते माहीतच नाहीत. एक जात तर डंख मारणारे जीव खाते आणि त्यांचे डंख न वापरता, शाबूत, आपल्या पाठीवरच्या झालरीत साठवते. तिला कुणी चावलं की ते उसने डंख चालतात.

"ही तुझी," तू म्हणाली होतीस. "सगळे डंख उसने."

मी पातेलं आपटून उठले होते. पण ऐकत राहिले, स्वयंपाकघरातून.

आणि तुझी ती पद्धत! प्रत्येक जिवाचे तीन फोटो. एक तोंडासमोरून, एक कुशीवरून, आणि तिसरा थोडं मागे सरून, ती कशावर बसलीय ते दाखवणारा. तिसऱ्याला तू 'घर' म्हणायचीस. पहिले दोन कितीही सुंदर येवोत, घर नसेल तर तू तो जीव वहीत लिहायचीच नाहीस. काडीनं हलवून चांगल्या जागी बसवायचं नाही, हात लावायचा नाही. नाव नक्की माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं. तुझ्या वह्यांत 'माहीत नाही' किती वेळा आहे गं! मला लाज वाटायची. एवढी शिकलेली बाई, दर पानावर माहीत नाही.

आता त्या पत्रकाबद्दल बोलू. आपण पाच महिने बोललो नाही, मग आज तरी.

गावात नवी मोठी जेट्टी येणार होती. जिथे ओहोटीला खडक उघडे पडतात आणि पगडिया लोक पायी जाऊन मासे, खेकडे धरतात, तिथेच. जनसुनावणी ठरली. मला पत्रकावर फोटो हवा होता, तुझा, ती जांभळी, पिवळ्या टोकांची. तू दिलास. तिसरा दिलास, घरवाला. त्यात ती एका गंजलेल्या लोखंडावर बसली होती. जुन्या जेट्टीचा खांब. आजूबाजूला कालवं आणि दोरीचा एक तुकडा. मी काय केलं? खांब कापला. उरलेला गंज काळा केला. काळ्यावर जांभळी काय खुलली! खाली मोठ्या अक्षरात टाकलं: 'जेट्टी आली, की ही गेली.' हजार प्रती. आधी तुला दाखवल्या नाहीत.

मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पंखे होते, आणि प्रकल्पवाल्यांचा सल्लागार होता, बाह्या दुमडलेला. त्यानं पडद्यावर आधी माझं पत्रक दाखवलं, मग तुझा पूर्ण फोटो. तू तो तुमच्या त्या फोटो टाकायच्या साइटवर, खांबासकट, गावाचं नाव न देता पण जागेच्या वर्णनासकट टाकला होतास, वर्षभर आधीच. तो गोड आवाजात म्हणाला, "डॉक्टरबेन आल्या आहेत ने? बेन, हा फोटो तुमचा?"

तू उभी राहिलीस. "हो."

"कुठे काढलेला?"

"जुन्या जेट्टीच्या खांबावर."

"म्हणजे जेट्टीवर हे जीव राहतात?"

"हा राहतो."

आणि तू बसलीस. मंडप हसला. जी माणसं माझं पत्रक हातात घेऊन आली होती त्यांनी त्याची घडी घातली. पगडियांपैकी एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती. ते मला अजून दिसतं.

परतीचे आठ-नऊ तास गाडीत. केयूरभाई चालवत होते, तू पुढे, मी मागे. अर्थात मागे.

"दोन वाक्यं जास्त बोलली असतीस तर तोंड दुखलं असतं?"

"विचारलं तेवढं सांगितलं."

"खांबावर जगते ती कुठेही जगते. खडकातले बाकीचे जीव खांबावर येत नाहीत. हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं."

"मग वाटतं तेच सांगायचं!"

"वाटतं ते तू सांगतेस. मी नाही."

"तिकडे लोकांचं पोट जातंय आणि तुझं आपलं माहीत नाही, माहीत नाही!"

तेव्हा तू मागे वळलीस. "तू तिचं घर कापलंस. मी एक्स-रेमधून शेजारचा दात कापून दाढ उपटली तर पेशंट मला कोर्टात नेईल. तू खांब ठेवला असतास ने, तर मी त्या खांबावर उभी राहून बोलले असते. तू मला बोलायला जागाच ठेवली नाहीस."

केयूरभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मागे पुडकं केलं. "बेन, गाठिया खाशो?"

मी घेतले नाहीत. लिंबडी मागे पडलं. मग तूच म्हणालीस, वेगळ्या आवाजात, "ऐक. मोठ्या ओहोटीला चल माझ्याबरोबर. घोट्याएवढं पाणी असतं. कान बुडायचा प्रश्नच नाही. आठ-दहा जाती तुला चालत चालत दाखवते. मग लिही काय लिहायचं ते."

आणि मी म्हणाले, "तुमचं उष्टं मला नको."

हे ऐकून तू पुढे बघायला लागलीस.

ताई, तुला माहीत होतं की नाही मला माहीत नाही, पण ते तत्त्वाचं भांडण नव्हतं. मी चुकले हे मला मंडपातच कळलं होतं. मला सहन झालं नाही ते हे, की ज्यानं पाहिलंय त्याला गप्प बसणं परवडतं. तू 'हो' म्हणून बसू शकलीस, कारण ती तुला भेटली होती. मला कुणीच भेटलं नव्हतं. माझ्याजवळ फक्त मोठी अक्षरं होती.

नंतर आपण नीट वागलो. तेच वाईट. मीठ दे, दूध आलं का, लाइट बिल भरलं. आई म्हणायची, "पिढ्यान्पिढ्या फौजेत असलेल्या घरच्या मुली, एक पाण्यात, एक रस्त्यावर, आणि घरात दोघी मुक्या." इस्पितळात मी तुला मोसंबी सोलून देत होते, प्लेटलेट खाली जात होत्या, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तू माझा हात धरून म्हणालीस, "वेटसूट उन्हात वाळत घालू नको. रबर तडकतं." त्यानंतर तू जे बोललीस ते नर्सशी.

बेसण्याला केयूरभाई तुझ्या फोटोपुढे उभे राहिले, हात जोडले आणि मग मूठ वळून अंगठा वर केला. मावशी भडकली. "फोटोला अंगठा काय दाखवतो मेला!" मला माहीत होतं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'झालं, वर जाऊया'. मावशीला सांगितलं नाही. ते तुमच्या दोघांतलं होतं आणि मी त्याची भाषांतरकार होणार नव्हते. जळून गेले मी तिथे, अगरबत्तीच्या शेजारी.

त्यात आईनं तुझा कॅमेरा त्यांना देऊन टाकला. "केयूरभाई, तुम्हीच ठेवा. घरात कोण वापरणार?" मी म्हटलं, आई, मला विचारलंस? ती म्हणाली, "तुला काय करायचाय, डोकं पाण्याबाहेर ठेवून?"

दिवाळीनंतर जेट्टीचा प्रस्ताव थोडा बदलून परत आला. पुन्हा हरकती मागवल्या. गावातून फोन आला, बेन, या वेळी लिहाल का? त्यांनी पुन्हा मला विचारलं, ताई. त्या मंडपानंतरही. पण मला फोटो हवा होता, खडकावरचा, घरासकट. म्हणून घडियाळी पोळात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढले.

त्यांनी गिऱ्हाइकाला लेस मापून दिली, मग मला स्टूल दिलं, चहा मागवला. तुझे सगळे फोटो त्यांच्याकडे लावून ठेवलेले, तारखेनुसार. खोल पाण्यातले, खांबावरचे, होडीखालचे. ओहोटीच्या खडकातले जवळजवळ नाहीत. "ते ती तुमच्याबरोबर काढायचं म्हणायची," ते म्हणाले. "म्हणून राहिले."

मला तिथे बसवेना, पण एक प्रश्न विचारायचाच होता. "माझ्याबद्दल काही बोलायची का?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नीचे तो बोलाय नहीं ने, बेन."

"आणि वर आल्यावर?"

"वर आल्यावर गोगलगाय." मग लेसचं रीळ गुंडाळत, "तुमच्याबद्दल एकदा बोलली. म्हणाली, माझी बहीण फार मोठ्यानं बोलते, पण ती नसती तर मी हे फक्त बघून घरी गेले असते."

तेवढंच. मी त्यांना खोदून विचारलं, आणखी काही? नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही. तुझाच बडी.

अमावस्येच्या ओहोटीला आम्ही गेलो. केयूरभाईंनी तुझा कॅमेरा पुढे केला, मी घेतला नाही. फोन घेतला. पाणी खरंच घोट्याएवढं होतं. ती म्हातारी पगडिया पुढे चालत होती, काठीनं चाचपत, आणि मी तिच्या पावलावर पाऊल ठेवत होते, कारण प्रवाळावर पाय पडला तर तू मला सोडलं नसतंस. एका डबक्यापाशी ती थांबली आणि खाली बोट दाखवलं. मी वाकले. आधी फक्त शेवाळ दिसलं. मग शेवाळातली एक गोष्ट सरकली.

ताई, ती जांभळी नव्हती. मळकट होती, हिरवट, पाठीवर पांढरे कण. कुठल्याही पत्रकावर खुलली नसती. शिंगं मात्र होती, दोन, आणि ती त्यांना हळूहळू फिरवत होती. मी किती वेळ वाकून होते कोण जाणे, म्हातारी म्हणाली पाणी भरायला लागलंय. मी समोरून काढला, हलला. कुशीवरून काढला, माझीच सावली पडली. मग मागे सरून तिसरा काढला: डबकं, शेवाळ, खडक, म्हातारीचा पाय. तो चांगला आला.

हरकतीला तो जोडलाय. न कापता. तुझा खांबावरचाही जोडलाय, गंजासकट, आणि लिहिलंय की हा जीव खांबावर राहतो, आणि हा दुसरा आम्हाला खडकाच्या डबक्यात दिसला. खांबावर तो राहतो की नाही ते आम्हाला माहीत नाही, ते आधी तपासा, मग बांधा. मोठी अक्षरं कुठेही नाहीत. अर्ज पोचलाय. काय होईल ते अजून कळलेलं नाही.

फोटोखाली जिवाचं नाव लिहायची जागा होती. ओहोटीवरून परतताना गाडीत मी केयूरभाईंना फोन पुढे केला होता. त्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा काढला, चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. तुझ्याबरोबर ते इतकी वर्षं खाली उतरले होते, त्यांना येणारच, असं मी धरून चालले होते आणि आतून धुमसत होते.

"मने खबर नथी, बेन," ते म्हणाले. "एने खबर होत."

तुला माहीत असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्यांनाही येत नाही हे ऐकून, खोटं का सांगू, महिनाभरात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.